सात नंबरची शिट्टी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, माजी मुख्य अभियंता साहेब. प्रमुख पाहुण्या, शेजारच्या शहराच्या विज्ञान मंडळाच्या अध्यक्षबाई. आपल्या वाफशाळेचे नवे संचालक. व्यासपीठावरचे इतर मान्यवर. ज्यांच्यासाठी आपण सगळे आज इस्त्रीचे कपडे घालून आलो आहोत त्या सत्कारमूर्ती, ज्यांना आपण तोंडावर ‘बाई’ आणि पाठीमागे ‘वाफबाई’ म्हणतो. समोर बसलेले भट्टीवाले, नळवाले, काचवाले, बाईंचे आजी-माजी विद्यार्थी, बंधू आणि भगिनींनो. आणि या इमारतीच्या गच्चीवर आत्ता एकटीच उभी असलेली माझी मुलगी, जिला इथलं एक अक्षरही ऐकू जाणार नाही, पण जिचा उल्लेख राहिला तर घरी गेल्यावर माझी धडगत नाही, सर्वांना माझा नमस्कार.

आत्ता चाराला वीस मिनिटं कमी आहेत. संयोजकांनी मला सात मिनिटं दिली आहेत. मी वीस घेणार आहे. टेबलावर तो जो पितळी कोंबडा बसलाय, तो बाईंनीच केलेला. वक्ता सात मिनिटांच्या पुढे गेला की तो आरवतो आणि वक्त्याची फजिती होते. गेल्या वर्षी शिक्षण अधिकाऱ्यांची झाली होती, आठवत असेल. तर मी मघाशी त्याच्या चोचीत माझा रुमाल कोंबून आलोय. बाई हसतायत, म्हणजे रागावल्या नाहीत.

इथे मला ओळखत नाही असं कुणी नसेल, पण पाहुण्याबाई नव्या आहेत, म्हणून सांगतो. मी शिट्टीमास्तर. या शाळेच्या गच्चीवर ज्या शिट्ट्या आहेत त्या मी आणि माझ्या आधी माझ्या वडिलांनी केल्या. भाषण हा माझा प्रांत नव्हे. आयुष्यभर जे काही बोललो ते शिट्टीकडून बोलवून घेतलं. त्यामुळे कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

बाईंविषयी काय सांगायचं? त्यांच्या शोधांची यादी मानपत्रात आहे, आणि मानपत्र लिहिणाऱ्याने ती इतक्या सुंदर अक्षरात लिहिलीय की वाचता येत नाही. मी एकच सांगतो. चौतीस वर्षांपूर्वी बाई इथे नव्याने शिकवायला आल्या, तेव्हा कड्याखाली सापडणारा निळा क्षार पाण्यात घालून त्यांनी एका किटलीत उकळला. का? तर म्हणे, कुणी उकळून बघितलाच नव्हता. किटलीचं झाकण उडालं आणि छताला जाऊन बसलं. आपण म्हणू, उडालं, पडेल. ते पडलं नाही. ते अजून तिथेच आहे, संचालकांच्या खोलीत, खिडकीकडच्या कोपऱ्यात. नव्या संचालकांना माझी हात जोडून विनंती, रंगकाम काढाल तेव्हा ते झाकण खरवडून काढू नका.

त्या झाकणातून निळी वाफ निघाली, निळ्या वाफेतून ढगनावा निघाल्या. आपलं शहर हे असं कड्यावर बसलेलं, खाली तिन्ही बाजूंनी ढगांचा समुद्र, त्याला पलीकडचा काठ आहे की नाही हे कुणालाच माहीत नाही. बाईंच्या आधी त्या समुद्राकडे आपण फक्त कपडे वाळतील का, एवढंच बघायला जायचो. बाईंनी त्यात माणसं पाठवली आणि परत आणली. एक ते सहा नंबरच्या नावा गेल्या आणि आल्या.

परत कशा आल्या? तर इथे माझा संबंध येतो. पाहुण्याबाई, जरा कंटाळा न करता ऐका, पुढचं सगळं यावर आहे. प्रत्येक नावेसाठी मी जोडी करतो. एक शिट्टी, ती इथे गच्चीवर. आणि एक पितळेची पातळ पाती, ती नावेतल्या कर्ण्यात. दोघींचा सूर एकच. रोज चार वाजता गच्चीवरची शिट्टी निळ्या वाफेवर वाजते. निळ्या वाफेचा सूर ढगात विरत नाही, कितीही लांब जातो, हाही बाईंचाच शोध. आणि तिकडे ढगात, जिथे आपला हात आपल्याला दिसत नाही, तिथे ती पाती आपोआप गुणगुणायला लागते. सुकाणू धरणारा कर्णा फिरवून बघतो. जिकडे पाती सर्वात मोठ्याने बोलते तिकडे घर.

सूर एकच हवा. जरा चुकला की पाती मुकी. मागाहून सात नंबर, आठ नंबर असं म्हणेन तेव्हा एवढं लक्षात ठेवा.

माझे वडील गेले तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. त्यांच्या जागी मला घ्यावं की नाही यावर कमिटीत बरीच भवति न भवति झाली. बाई माझ्या कारखान्यात आल्या, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, बाहीवर आकडे लिहिलेले. माझ्या तीन शिट्ट्या ऐकल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, तुमचं काम मी कधी तपासणार नाही. नाव माझी, शिट्टी तुमची.” वडिलांच्या माघारी मला कुणी ‘मास्तर’ म्हटलं ते पहिल्यांदा. मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला दहा वेळा सांगितलं. ती म्हणाली, “कळलं हो मास्तर, आता भांडी घासा.”

आता तिच्याविषयी बोलायला हवं. सात नंबरची सुकाणवाली म्हणजे माझी बायको.

इथल्या तरुण मंडळींनी तिला पाहिलेलं नाही. तिचा फोटो जिन्यात लावलाय, पण त्यात ती गंभीर दिसते, म्हणजे तो फोटो काही खरा नाही. ती कधी गंभीर नसायची. बाई तिला ‘धाकटी’ म्हणायच्या. दोघी एकत्र बसल्या की एक समीकरणं मांडायची आणि दुसरी त्यांना नावं ठेवायची. चार नंबर आणि सहा नंबर तिनेच नेल्या आणि आणल्या. सात नंबर सगळ्यात लांब जायची होती, सहा आठवडे, पलीकडचा काठ शोधायला. तिला जायचं होतं. मला ती जायला नको होती. आमच्या घरातलं भांडण एवढंच, पण ते पुरून उरलं.

तर बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नाव सुटायच्या दोन दिवस आधी मुख्य बॉयलर क्षार काढायला बंद होता. वाफच नाही. आणि मला सातची जोडी जुळवायची होती. तेव्हा मी ती भात्यावर जुळवली. म्हणजे शिट्टीत वाफेऐवजी साधी हवा भरून. भाता ती पायाने दाबत होती, हातात कणीस, आणि तोंडाने माझी थट्टा चालू. “झालं का? लग्नाला होकार द्यायला इतका वेळ लावला नव्हतास.” भात्यावर शिट्टी खाली बोलते, वाफेवर ती चांगली चार सूर चढते. हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही माहीत. म्हणून भात्यावर जुळवलं तर काय करायचं, याची रीत ठरलेली आहे. पातीचं टोक थोडं छाटायचं. पाती आखूड झाली की तिचाही सूर चढतो, आणि वाफेवरच्या शिट्टीला जाऊन मिळतो. आणि ती छाटलेली नखाएवढी चकती फेकायची नाही. तिला आम्ही छाट म्हणतो. प्रत्येक जोडीची एक डबी असते, त्या डबीत छाट ठेवायची. माझ्या वडिलांच्या काळापासून ही पद्धत. छाट डबीत असली म्हणजे पाती वाफेला जुळलेली आहे, दुसरा पुरावा लागत नाही.

छाट दुसऱ्या दिवशी काढायची, असं मी ठरवलं. हात थकले होते, उजेड गेला होता, आणि नाव सुटायला अजून एक दिवस होता.

त्या रात्री ती बंदरावरून आली आणि म्हणाली, हवा स्वच्छ आहे, उद्या सकाळीच निघतेय. परवा आमच्या मुलीचा तिसरा वाढदिवस होता, तो करून ती निघणार होती. मी म्हटलं, मला विचारायचं तरी. ती म्हणाली, ढगांना विचारलं, ते हो म्हणाले. झालं. मी रुसलो. तुम्ही हसताय, पण मी रुसलो म्हणजे चांगला रुसतो, भिंतीकडे तोंड करून. सकाळी मी बंदरावर गेलो नाही. पाती फडक्यात गुंडाळून दारातच तिच्या हातात दिली, एक शब्दही न बोलता. तिने मुलीचा पापा घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “बस रुसून. चारला शिट्टी वाजव म्हणजे झालं. पाती बोलली की मी समजेन, गेला राग.”

माझा राग ती कोपऱ्यावर वळली तेव्हाच गेला होता. धावत जाण्याइतका मात्र गेला नव्हता. पुरुषाच्या जातीला एवढी अक्कल उशिरा येते. चार वाजता मी गच्चीवर गेलो, बॉयलर पेटला होता, आणि मी सातची शिट्टी वाजवली. नियम एकदाच वाजवण्याचा आहे. मी तीनदा वाजवली. खाली रस्त्यावर लोक थांबून वर बघायला लागले. जुन्या माणसांना आठवत असेल, त्यावरून माझी पुढे महिनाभर चेष्टा झाली.

सहा आठवडे झाले. आठ झाले. नाव आली नाही.

मग चौकशी समिती बसली. तिचे अध्यक्ष आजचे आपले अध्यक्षच होते. साहेब, मी तुमच्यावर ठपका ठेवत नाही, तुम्ही समोर होतं त्यावरून निकाल दिलात. मला तुम्ही विचारलंत, “शिट्टी आणि पाती जुळलेली होती?” मी छाती काढून म्हणालो, “होती साहेब.” डबी उघडून दाखवा असं कुणी म्हटलं नाही, माझा शब्द पुरला. मला तसंच वाटत होतं, शपथेवर सांगतो. हजार वेळा केलेलं काम हातांनी केलंच असणार, असं मी धरून चाललो. निकाल आला की निळ्या वाफेची टाकी कमजोर होती, आराखड्यात दोष होता. बाईंनी एका शब्दाने वाद घातला नाही. त्या तशाच उठून माझ्या घरी आल्या, उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, तुमचं घर मी मोडलं.”

आणि मी काय केलं? तीन वर्षं त्यांच्याशी बोललो नाही. मग मुलीला गणित जमेना, बाई दर रविवारी तिला शिकवायला येऊ लागल्या, आणि एका रविवारी मी मोठ्या मनाने त्यांना म्हटलं, “बाई, जाऊ द्या आता. मी तुम्हाला माफ केलं.” गावाने माझं कौतुक केलं. म्हणाले, मास्तरांचं मन केवढं! पानाच्या ठेल्यावर, टपाल कचेरीत, वाफेच्या ट्रामगाडीत लोक उठून मला जागा द्यायचे. मी बसायचो हो त्या जागेवर. एकोणीस वर्षं बसलो.

बाईंनी त्यानंतर एकही नाव केली नाही. काय केलं ते नळवाल्यांना ठाऊक आहे. त्यांनी सात नंबरची टाकी पुन्हा केली, अगदी तशीच, आणि ती फुटेपर्यंत तापवायला घेतली. फुटली नाही. दुसरी केली. तीही नाही. बावीस वर्षांत त्रेचाळीस टाक्या. आमचं बोलणं सुरू झाल्यापासून दर वेळी त्या येऊन मला सांगायच्या, “मास्तर, ही फुटतच नाही हो. मग माझं कुठे चुकलं?” दुसरं कुणी असतं तर म्हटलं असतं, टाकी चांगली आहे, समितीच चुकली. बाईंना वाटायचं, आपल्याला अजून आपली चूक सापडत नाहीये. शेवटी त्यांनी ठरवलं की आता स्वतःच जाऊन बघायचं. म्हणून आठ नंबर बांधली. आज बाई एकसष्ट वर्षांच्या आहेत, आज त्यांची नोकरी संपते, आणि उद्या सकाळी त्या आठ नंबर घेऊन धाकटीला शोधायला निघतायत. आपण इथे टाळ्या वाजवायला जमलोय ते यासाठी.

अकरा दिवसांपूर्वी बाई कारखान्यात आल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, सातची डबी मला द्या. तीतली छाट बरोबर नेते. तिकडे कुठे पाती सापडली, तर तिच्या टोकाला ही छाट लावून बघेन. बसली म्हणजे सात नंबरचीच.” बघा, कसं डोकं चालतं. मी हो म्हटलं. सातची डबी मी बावीस वर्षांत उघडली नव्हती. शेवटचा हात बायकोसमोर लावला होता, म्हणून उघडवत नव्हती. बाई गेल्यावर उघडली.

डबीत छाट नव्हती.

छाटीच्या जागी एक चिठ्ठी होती. अक्षर माझं. “भात्यावर जुळवली. छाट उद्या.”

शांत राहा, कृपा करून. मागे कुणीतरी उभं राहिलंय, बसून घ्या. मी संपवतो.

मी ती पाती छाटलीच नाही. रुसण्याच्या नादात, ती जशी होती तशी, फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिली. शिट्टी रोज वाजली. बावीस वर्षं एक दिवस चुकला नाही, तापात फणफणत असतानाही मी तो जिना चढलोय. पण वरची शिट्टी चार सूर वर बोलत होती आणि तिच्याजवळची पाती खाली अडकलेली. ती पाती कधी बोललीच नसणार. पहिल्या दिवसापासून.

बाई, तुमची टाकी फुटली नाही. आराखड्यात दोष नव्हता. नाव चांगली होती, तिला घर ऐकू आलं नाही, एवढंच. चूक तुमची नव्हती. माझी होती. आणि तुम्ही माझ्या उंबऱ्यावर उभं राहून माफी मागितलीत, ती मी घेतली.

काय म्हणता? बाई विचारतायत, पाती किती लांब होती. वीतभर, बाई, नेहमीसारखी. जाडी? कागदाची. रडत नाहीयेत बाई, तुम्ही घाबरू नका. त्या पेन्सिल शोधतायत. अंबाड्यात आहे, बाई. डावीकडे. पाहुण्याबाई, जरा तुमची निमंत्रणपत्रिका त्यांना द्या, त्यांच्या पत्रिकेवर जागा उरलेली नाही.

हे तुम्हाला आधी का सांगितलं नाही? अकरा दिवस सांगायला येत होतो, बाई. पहिल्या दिवशी तुम्ही काचवाल्यांशी बोलत होतात. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, डबीची किल्ली सापडत नाही. डबीला किल्ली नसते, हे तुम्हाला माहीत आहे, तरी तुम्ही काही बोलला नाहीत. मग माझ्या मनात आलं की दोष तुम्हाला या सभागृहासमोर दिला गेला होता, याच खुर्च्यांवर. तर तो काढायचाही इथेच, चार भिंतींआड नाही. म्हणून आज बोलायला नाव दिलं. संयोजकांना वाटलं मी तुमच्याविषयी दोन शब्द चांगले बोलीन.

पण खरं सांगू? मला अकरा दिवस झोपू देत नाही ती समिती नव्हे. मला दुसरंच दिसतं. टाकी फुटलीच नसेल, तर ती जिवंत आहे. कुठेतरी उतरली असेल. ती काही हात पाय गाळणारी नव्हे. एखाद्या काठावर, एखाद्या बेटावर तिने घर केलं असेल, कर्णा दारात लावला असेल. आणि रोज चार वाजता ती कान देऊन बसत असेल. पाती बोलली की समजेन, गेला राग, असं सांगून गेलेली बाई ती. पाती बोलत नाही. आज नाही, उद्या नाही, वर्ष झालं, दहा झाली. ती काय समजत असेल? मुलीला बापाने सांभाळलं की नाही, हे तिला माहीत नाही. आठवड्यातून दोनदा तिच्यासारखीच माझी थट्टा करणारी एक पोर घरात वाढलीय, हे तिला माहीत नाही. तिला एवढंच माहीत असेल की तो अजून रुसलेला आहे. बावीस वर्षं, मंडळी! माझा राग कोपऱ्यापर्यंतसुद्धा टिकला नव्हता हो.

मला तिची आठवण येते असं म्हणणं बरोबर नाही. आठवण येऊन जायला ती कुठे गेलेलीच नाही. मी अजून भाकरी टाकताना तीन टाकतो, तिसरी मुलगी दुसऱ्या दिवशी चहात बुडवून खाते.

माफ करा. पाणी घेतो.

कोंबडा बघा कसा थरथरतोय. रुमाल चांगला बसलाय.

चाराला पाच मिनिटं आहेत. आता मी अकरा दिवसांत काय केलं ते सांगतो, कारण नुसतं रडगाणं गायला आलेलो नाही. तिच्या जवळची पाती मी इथून छाटू शकत नाही. पण शिट्टी माझ्या हातात आहे. पाती वर येत नसेल, तर शिट्टीने खाली जावं. मी सातची जुनी शिट्टी पुन्हा भात्यावर वाजवली. या वेळी भाता मुलीने दाबला. त्या सुराची एक नवी पाती केली, म्हणजे तिच्याजवळच्या पातीची जुळी बहीण. मग शिट्टीची नळी थोडी थोडी लांबवत गेलो, शिट्टीच्या तोंडावर गोधडी गुंडाळून, गावाला कळू नये म्हणून. आणि हे नीट ऐका, या वेळी वाफेवर. खऱ्या निळ्या वाफेवर. चार बोटं लांबवल्यावर पाती बोलली. मुलगी म्हणाली, “बाबा, आईच्या कर्ण्यातून असाच आवाज यायचा का?” मी म्हटलं, “नाही गं. यायला हवा होता.”

साहेब, सातच्या शिट्टीवर तुमच्या सहीचं शिशाचं सील होतं. ते मी तोडलं. परवानगी आत्ता मागतोय. नियमात बसत नाही, मला माहीत आहे. साहेबांनी मान हलवली. सगळ्यांनी पाहिलं ना? आभारी आहे, साहेब. आणि तुमचे डोळे मी पाहिले नाहीत असं समजा.

बाईंनी पत्रिका पुढे केलीय. वाचू? बाईंनी लिहिलंय: “टाकीत वाफ पुरली असती तीन महिने. म्हणजे पलीकडे पोचली असणार.” त्याखाली दोन रेघा मारल्यात. मंडळी, बाई एका विधानाखाली दोन रेघा कधी मारतात ते त्यांच्या विद्यार्थ्यांना विचारा. आणि खाली लिहिलंय, “मास्तर, उद्या तुम्हीही चला.”

नाही, बाई. यावंसं फार वाटतं, पण नाही. मुलीला शिट्टी वाजवता येते, तशी ती माझ्यापेक्षा बरी वाजवते. पण पाती बोलली आणि तिची आई त्या सुराच्या मागोमाग घरी आली, तर दारात कुणी असायला हवं ना? मागच्या वेळी मी बंदरावर गेलो नव्हतो. या वेळी मी बंदरावरून हलणार नाही.

तुम्ही आठची डबी घ्या. तीत छाट आहे, उघडून बघा, सगळ्यांसमोर बघा. आणि ही सातची डबीही घ्या. तीत ती चिठ्ठी तशीच ठेवलीय. ती भेटली की तिच्या हातात द्या. माझं अक्षर ती ओळखेल, आणि वाचून काय म्हणायचं ते म्हणू दे. म्हणेलच ती. तिला मुलीविषयी सांगा, गणित तुम्ही शिकवलंत तेही सांगा. मी माफ केलं वगैरे जे काही बोललो होतो, ते मात्र सांगू नका, बाई. तेवढी माझी लाज राखा.

आता माझ्यासमोर टेबलावर हा जुना कर्णा आहे. त्यात ती जुळी पाती बसवलेली आहे. चार वाजता शिट्टी होईल, ती तुम्हाला ऐकू येईलच, भिंतीही हलतील. पण माझं सांगणं आहे की शिट्टी ऐकू नका, या पातीकडे कान द्या. ही इथे बोलली, तर तिची बहीण जिथे कुठे असेल तिथे, आत्ता, याच वेळी बोलेल. गंजली नसेल तर. तिने पुसून ठेवली असेल. ती सगळं पुसून ठेवायची.

संयोजकांनी मला बोलू दिलं, अध्यक्षांनी ऐकून घेतलं, कोंबड्याने दम धरला, सर्वांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कुणा मान्यवराचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर सभागृहाने ते पोटात घालावं. छाटीचं मात्र पोटात घालू नका. त्याची माफी मी तुमच्याकडे मागत नाहीये. ती जिच्याकडे मागायची तिच्याकडे मागायला माझी मुलगी गच्चीवर उभी आहे, आणि चार वाजायला आता अर्धं मिनिटही नाही.

ते गॅसचे दिवे बारीक करा कुणीतरी, फुसफुसतायत. खोकला असेल तर आत्ता खोकून घ्या.

नियम एकदा वाजवण्याचा आहे. मुलीला मी सांगून ठेवलंय, तीनदा.